तिघं खाली

"तिघं खाली," असं लाइनमन फोनवर म्हणाला, आणि त्याच वेळी वरून जोडीदाराने हाक मारली, की अरे, तो बारा नंबरचा पाना दोरीला बांध जरा. दुपारचे साडेतीन वाजले होते. दोन्ही बाजूंना पाच मजली इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, आणि वीज नाही म्हणून थंड इस्त्री तशीच टाकून दारात येऊन उभा राहिलेला इस्त्रीवाला. फोनवर ऑपरेटर म्हणत होता, की नंबर चुकतोय, हा कालच्या परमिटचा नंबर आहे, आजचा सांगा. लाइनमनने मान वर केली. खांबाच्या टोकाला, तीन तारांच्या मधोमध, कमरेच्या पट्ट्यावर रेलून त्याचा जोडीदार बसला होता, आणि एका हाताने दोरी हलवत होता. "थांबा," लाइनमन फोनमध्ये म्हणाला, "एक बोल्ट राहिलाय." ऑपरेटर म्हणाला, बरं, आटपा, आणि त्याने फोन ठेवला. झालं ते एवढंच. बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढ्या वेळात ते होऊन गेलं आणि कोणाला काही कळलं नाही. लाइनमनने पाना शोधला, दोरीला गाठ मारली, पाना वर गेला. मग तो शेजारच्या खांबाकडे गेला आणि जमिनीवर काढून ठेवलेली साखळी त्याने लांब काठीने पुन्हा तारांवर टाकली. ती आपण केव्हा काढली हे त्याला आठवत नव्हतं. हात मात्र कापत नव्हते. हात कापले असते तर बरं वाटलं असतं.

परमिटचा नियम फार साधा आहे. तारेवर काम करायचं तर सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करायचा, तो लाइन बंद करतो आणि एक नंबर देतो. तो नंबर ज्याने घेतला त्यानेच परत करायचा, स्वतःच्या आवाजात. दुसरा कोणी, अगदी साहेब जरी म्हणाला की चालू कर, तरी ऑपरेटर लाइन चालू करत नाही. मध्ये तारांना साखळी टाकून ती जमिनीला जोडायची, म्हणजे चुकून कोणी वीज सोडलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते, माणसातून जात नाही. काम झालं की माणसं उतरवायची, मोजायची, साखळी काढायची आणि फोन करायचा. एकोणीस वर्षं लाइनमन हे करत आला होता. ऑपरेटरला त्याने एकदाही बघितलं नव्हतं. जोडीदार म्हणायचा, तो गृहस्थ नक्की बुटका असणार, एवढा जाड आवाज बुटक्याचाच असतो. आपली तिघांची टोळी, लाइनमन, जोडीदार आणि शिडीच्या गाडीचा ड्रायव्हर. तिघांत मोजायचं ते काय. तरी तो मोजायचा, दर वेळी मोजायचा, आणि मग म्हणायचा, तिघं खाली.

त्या दिवशीही त्याने मोजलं होतं, आणि तीच गोष्ट त्याला सोडेना. मोजायचं राहून गेलं असतं तर ती विसरभोळेपणाची गोष्ट झाली असती, माणसाच्या हातून होते. पण तो विसरला नव्हता. गाडी डेपोकडे परत निघाली तेव्हा खिडकीला डोकं टेकून त्याने तो क्षण पुन्हा समोर आणून बघितला. गाडीत सीट मागे टाकून झोपलेला ड्रायव्हर, एक. आपण, दोन. आणि मग त्याची नजर उजवीकडे गेली होती, कशावर तरी जरा टेकली होती, आणि समाधानाने परत आली होती. तीन. उजवीकडे काय होतं? एक भिंत, तिच्याकडेला लावलेली सायकल, कोणाचं तरी ओलं पायपुसणं. माणूस नव्हतं. पण मोजणी पुरी भरल्यावर छातीत जो एक हलकेपणा येतो, तो आला होता. माणूस नसताना तो आला होता.

घरीही हेच चाललं होतं, पण घरात कोणी तारेवर नसतं. बायको जाऊन सात महिने झाले होते. संध्याकाळी तो हातपाय धुऊन आला की ताटं घ्यायचा, आणि मुलगी न बोलता एक ताट परत मांडणीत ठेवायची. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची, त्यामुळे तिला बोलण्याचा कंटाळा आलेला असायचा. मधे वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं, त्या बाईंनी जिन्यात विचारलं, तुम्ही किती जण? तिघं, तो म्हणाला. मागून मुलगी म्हणाली, दोघं. बाई हसून म्हणाल्या, घरात माणसं किती यावरून बापलेकीत वाद म्हणजे कमाल झाली. तोही हसला. मुलगी हसली नाही. दोघं, हा शब्द त्याला उच्चारता येत नव्हता असं नाही. खांबावर, गाडीत, चहाच्या टपरीवर तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा, आम्ही दोघं जातो, दोघांना दोन चहा. पण घराच्या बाबतीत तो शब्द तोंडात यायला लागला की जीभ आपोआप पुढच्या आकड्यावर जाऊन बसायची.

बायको असताना तिची एक ठरलेली थट्टा होती. माळ्यावरची पेटी काढा म्हटलं की हे म्हणणार, गुडघा दुखतो. मग ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आमच्या ह्यांना खांबावर चढता येतं, माळ्यावर नाही. माळ्यावर चढायला साहेबाची ऑर्डर लागते." शेवटपर्यंत त्याला तिचा राग कधी आला नाही. राग आला तो ती गेल्यावर, आणि तोही तिचा नाही. ती गेली त्या दुपारी तो खांबावर होता. फोन खाली जोडीदाराकडे होता. पावणेचारला मुलीचा फोन आला, की आईला दवाखान्यात आणलंय, बाबांना पाठवा. जोडीदाराने फोन ऐकला, खिशात ठेवला, आणि वर बघून एवढंच म्हणाला, की होऊ दे सावकाश. लाइनमनने काम पुरं केलं, तो उतरला, त्याने माणसं मोजली, साखळी काढली, तिघं खाली म्हणून परमिट परत केलं. मोजणी अगदी बरोबर होती. मग जोडीदाराने त्याला सांगितलं. तेव्हा चार पंचवीस झाले होते, आणि दवाखान्यात चार वीसलाच सगळं संपलं होतं. खांबावरच्या माणसाला घरची बातमी द्यायची नाही, हा नियम सगळ्यांनाच माहीत आहे, त्यानेही तो दोनदा पाळला होता, दुसऱ्यांच्या बाबतीत. त्यामुळे जोडीदाराला बोल लावायला जागाच नव्हती. लाइनमनने त्याला खांद्यावर हात ठेवू दिला, गाडीत बसला, गेला. पण पुढे कितीतरी दिवस त्याच्या मनात तो हिशेब चालायचा, पावणेचारला कळलं असतं तर उतरायला पाच मिनिटं, गाडीने वीस मिनिटं, म्हणजे चार दहा. दहा मिनिटं मिळाली असती. ती शुद्धीवर होती की नव्हती हे मुलीला विचारायचं त्याला धाडस झालं नव्हतं. शुद्धीवर नव्हती असं ती म्हणाली तर त्या दहा मिनिटांना काही अर्थ उरत नव्हता, आणि होती म्हणाली तर त्यांचा अर्थ आयुष्यभर पुरणार होता.

आणि आता गाडीच्या खिडकीशी बसून त्याला एक विचार आला, जो येऊ नये म्हणून तो बहुधा मघापासून भिंत आणि सायकल आठवत होता. वर राहिलेला माणूस कोण होता? ड्रायव्हर वर असता तर आपण विसरलो असतो का? मोजणीतून नेमका तोच का गळला? पुढच्या सीटवर जोडीदार ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता आणि ड्रायव्हर हसत होता. जोडीदाराच्या मानेवर घाम आणि धूळ मिळून एक काळी रेघ झाली होती. एकोणीस वर्षं लाइनमन ती मान बघत होता. त्या मानेचा त्याला राग येत होता का? त्याने मनात शोधून बघितलं. राग सापडला नाही, पण राग जिथे ठेवलेला असतो ती जागा गरम लागली, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. त्याने खिडकी उघडली आणि तोंडावर वारा घेतला.

पुढचे दोन दिवस त्याने कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर परमिटच्या यादीतून नाव जाणार, कदाचित खांबही जाणार, स्टोअरमध्ये बसून फ्यूजच्या पेट्या लावाव्या लागणार. ते त्याला चाललंही असतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मोजताना चूक झाली, एवढं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. तरी ते सांगितल्यावर साहेब म्हणाले असते, होतं असं, दुःखाचे दिवस आहेत, आणि खरी गोष्ट तशीच आत राहिली असती, उलट तिला लपायला जागा झाली असती. बुधवारी परमिट परत करताना त्याने दोघांना आपल्याशेजारी ओळीने उभं केलं. ड्रायव्हर म्हणाला, फोटो काढतोय का? गुरुवारी त्याने प्रत्येकाच्या अंगाला बोट लावून मोजलं, आणि तरी फोन कानाला लावल्यावर शब्द बाहेर येईना. ऑपरेटर विचारत राहिला, आहात ना, ऐकू येतंय ना? त्याने फोन खाली घेतला, पुन्हा मोजलं, वर बघितलं, बाजूच्या खांबावर बघितलं, जिथे कोणी चढलंच नव्हतं तिथेही बघितलं. रिकामा खांब बघून त्याची खात्री होईना. सगळ्या रस्त्याची वीज त्याच्या एका शब्दासाठी अडकून राहिली. शेवटी इस्त्रीवाल्याने लांबून ओरडून विचारलं, की आज येणार आहे की उद्या?

शुक्रवारी डेपोच्या मागच्या टपरीवर दोघंच होते. ड्रायव्हर गाडी धुवायला गेला होता. चहा आला, आणि लाइनमनने कपाकडे बघत सांगून टाकलं.

"मंगळवारी मी परमिट परत करत होतो. तू वर होतास."

"माहीत आहे," जोडीदार म्हणाला.

लाइनमनला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, साखळीसुद्धा काढली होती, नंबर चुकला म्हणून वाचलं. जोडीदाराने कपात फुंकर मारली. तो म्हणाला, साखळी काढताना मी तुला वरून बघत होतो, म्हणून तर पाना मागितला. तसला एक पाना माझ्या खिशातच होता. लाइनमनने विचारलं, मग ओरडला का नाहीस. तो म्हणाला, ओरडलो असतो तर सगळ्या गल्लीला कळलं असतं, मग डेपोला, मग साहेबाला. आणि घाई नव्हती. मी माझी साखळी टाकली होती.

"कसली तुझी साखळी?"

"दोन महिने टाकतोय. पिशवीतून वर नेतो, पलीकडच्या अंगाने लावतो. तू वर बघतोस कुठे हल्ली?"

टपरीवाल्याने फडक्याने टेबल पुसलं, त्यांचे कप उचलून पुन्हा ठेवले. म्हणजे मंगळवारी वीज सुटली असती तरी हा मेला नसता. हे ऐकून आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं, असं लाइनमनला वाटलं, आणि वाटलं ते उलटच. दोन महिने आपण खाली उभं राहून याला सांभाळतोय असं समजत होतो, आणि हा आपल्यापासून स्वतःला सांभाळत होता. मुलगी ताट परत ठेवते. झोपण्याआधी आपण गॅस बंद करून आलो की ती पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन बघते. ड्रायव्हर हल्ली गाडी मागे घेताना दोनदा आरसा बघतो. सगळ्यांनी आपापली साखळी टाकून ठेवली होती आणि आपल्याला कोणी पत्ता लागू दिला नव्हता. हे आता बोलून झालंच आहे तर उरलेलंही बोलावं, म्हणून तो बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज परमिट परत करताना येतो तसा कोरडा आला.

"मला कळत नाहीये, मी विसरलो, की मला ते हवंच होतं."

जोडीदाराने कपाचा तळ बघितला, राहिलेला चहा जमिनीवर ओतला.

"तो विचार मीही केलाय," तो म्हणाला. "उगाच नाही साखळी घेतली."

"मग माझ्याबरोबर चढत का राहिलास?"

"मग कोणाबरोबर चढू?"

पुढे तोच म्हणाला, की त्या दिवशी मी तुला चाळीस मिनिटं सांगितलं नाही. फोन आला तेव्हा तुझे दोन्ही हात तारेवर होते. वहिनींचं सांगितलं असतं तर तू उतरला नसतास, पडला असतास. उद्या पुन्हा तसंच झालं तर पुन्हा सांगणार नाही. तू काय समजायचं ते समज. लाइनमनने मान हलवली. ते बरोबरच होतं. ते सात महिने बरोबरच होतं, आणि ते कुठेतरी चुकीचं असतं तर त्याला भांडता आलं असतं, एकदा मोठ्याने भांडून मोकळं होता आलं असतं. बरोबर गोष्टीशी माणूस काय भांडणार.

त्या संध्याकाळी मुलगी वाळलेले कपडे घडी करत पलंगावर बसली होती. तो दारात उभा राहिला आणि आई शुद्धीवर होती का, असं त्याने विचारलं. मधले सात महिने काही झालंच नाही, आत्ताच दवाखान्यातून आलो, अशा सुरात विचारलं. मुलीने हातातली घडी पुरी केली. होती, ती म्हणाली, थोडा वेळ होती. काय बोलली? फार नाही. मुलगी दुसरा कपडा घेऊन त्याच्या बाह्या जुळवू लागली, पण त्या जुळेनात, मग तिने तो तसाच मांडीवर ठेवला.

"विचारत होती, बाबा उतरले का. दोनदा विचारलं."

"मग?"

"मी हो म्हटलं. तुम्ही वरच होता ना तेव्हा?"

तो हो म्हणाला. मुलीने तो कपडा उचलून पुन्हा घडी करायला घेतला. त्याच्या मनात आलं, ही एवढीशी पोर सात महिने हे ओझं घेऊन चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावतेय, आणि आपण तिला एक ताट जास्त काढून देतोय. तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण हात ठेवला तर ती रडेल, आणि ती रडली तर आज आपल्याच्याने तिला सावरता येणार नाही, असं वाटून तो आत गेला आणि नळाखाली तोंड धरून उभा राहिला.

शनिवारी सकाळी तो साहेबांकडे गेला. परमिटच्या यादीतून नाव काढा, असं उभ्यानेच सांगितलं. साहेब म्हणाले, कारण काय ते लिहून द्या. त्याने कागद घेतला, आणि मोजणी चुकते, एवढेच दोन शब्द लिहिले. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, काही अपघात झालाय का विचारलं. तो नाही म्हणाला. ते स्टोअरचं बोलले, डॉक्टरचं बोलले. तेव्हा मागे दाराशी उभा असलेला जोडीदार म्हणाला, की साहेब, त्याच्या हातात दोष नाही, परमिट माझ्या नावावर करा, वर तो जाईल, खाली मी राहीन. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, या दोघांत काय चाललंय ते आपल्याला कळायचं नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. डॉक्टरकडे मात्र सोमवारी जायचंच, एवढं बजावलं.

अकरा वाजता ते शहराबाहेरच्या एका रस्त्यावर होते, एका बाजूला कारखान्याची लांब भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळं मैदान. खांबावर तार अडकवायचा एक चिनीमातीचा इन्सुलेटर फुटला होता, तो बदलायचा होता. जोडीदाराने आयुष्यात पहिल्यांदा परमिट घेतलं. ऑपरेटरने दोनदा विचारलं, तुमचे ते कुठे गेले? वर, जोडीदार म्हणाला. लाइनमन चढला. पट्टा खांबाभोवती टाकून तो रेलला, आणि इन्सुलेटर बदलायला त्याला वीस मिनिटंही लागली नाहीत. काम झालं. पाने पिशवीत गेले, पिशवी दोरीने खाली गेली. आता उतरायचं.

तो उतरला नाही. उतरायचं नाही असं त्याने ठरवलं नव्हतं. फक्त पट्ट्याची कडी सोडायला हात गेला आणि कडीवरच राहिला. वर वारा होता. मैदानाच्या पलीकडे घरं होती, घरांच्या खिडक्या होत्या, आणि त्या सगळ्या घरांत आता पंखे थांबलेले असतील, कोणी गॅलरीत येऊन उभं राहिलं असेल, कोणी म्हणत असेल, या लोकांचं नेहमीचंच आहे. दोन्ही हातांत काहीच नव्हतं. एकोणीस वर्षांत काम संपल्यावर तो वर कधी एक मिनिटभर थांबला नव्हता, त्यामुळे इथे थांबता येतं हेच त्याला माहीत नव्हतं. इथे काही मोजायचं नव्हतं. खाली गेलं की मोजायचं, किंवा मोजून घ्यायचं, आणि संध्याकाळी घरी जाऊन ताटं घ्यायची. इथे फक्त तारा, आणि तारांत काही नाही. कडी सोडून हात सैल केला तर काय होईल, हेही त्याच्या मनात आलं, फार जवळून आलं, आणि समोर येऊन बसून राहिलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. पोटऱ्यांत कळ यायला लागली. दवाखान्यातल्या त्या खोलीत मुलगी ज्या आवाजात हो म्हणाली असेल तो आवाज त्याने ऐकायचा प्रयत्न केला, आणि त्याला तो ऐकू आला नाही, वाराच ऐकू आला.

खाली जोडीदाराच्या हातात फोन होता. तो वाजला. जोडीदाराने वर बघितलं, फोन कानाला लावला आणि म्हणाला, नाही, अजून एक माणूस वर आहे. पलीकडून काहीतरी मोठ्याने बोलणं झालं असावं, कारण त्याने फोन कानापासून जरा लांब धरला. मग म्हणाला, लागेल तेवढा वेळ लागेल, तुम्ही नंबर धरून बसा. ड्रायव्हर गाडीतून उतरून त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने काहीतरी विचारलं, जोडीदाराने हाताने त्याला गप्प केलं. मग दोघंही वर बघत उभे राहिले. हाक कोणी मारली नाही. सावकाश होऊ दे असंही कोणी म्हणालं नाही.

किती वेळ गेला ते लाइनमनला कळलं नाही. पोटऱ्या थरथरायला लागल्या तेव्हा त्याने कडी सोडली, पट्टा खांद्यावर घेतला, आणि नव्याने शिकणाऱ्या माणसासारखा एकेका आधारावर दोन्ही पाय टेकवत, खाली बघत तो उतरू लागला. शेवटच्या आधारावरून जमिनीवर पाय ठेवला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली, कपाळ खांबाला टेकलं. लोखंड गरम होतं. जोडीदार दोन पावलांवर फोन कानाला लावून उभा होता. ऑपरेटर पलीकडे विचारत होता, काय, झालं का, चालू करू का? जोडीदार खांबावरच्या त्या दोन हातांकडे बघत, ते सुटायची वाट पाहत उभा राहिला.